खळीचं मांजरपाट

अप्पा, मांजरपाटाबद्दल लिहायचं आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात कळवण्यासारखं बरंच घडलं. मी मुख्याध्यापिका झाले, नातू पुण्याला नोकरीला लागला, आपल्या दुकानाच्या जागी आता मोबाईल दुरुस्त करून मिळतात. त्यातलं काहीच लिहावंसं वाटलं नाही, आणि आज बसले ती एका जाड्याभरड्या कापडाबद्दल लिहायला, तेही चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीच्या. तुम्ही म्हणाल, मास्तरीणबाईला सुट्टी लागली वाटतं. तसं नाही. पुढच्या वर्षी मी रिटायर होणार, म्हणून शाळेतलं माझं कपाट आवरत होते. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन कापडी घड्या निघाल्या. मीच शिवलेल्या, एका मुलीनं धुऊन परत केलेल्या. त्या हातात घेऊन बराच वेळ खुर्चीत बसले. शिपाई दोनदा डोकावून गेला.

सुरुवात जळकोटपासूनच करावी लागेल. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा तुम्ही दुकानाची पाटी रंगवून घेतली होती. ‘जि. उस्मानाबाद’ पुसून ‘जि. लातूर’. पेंटरनं एकच हात दिला, त्यामुळे उन्हात खालचं उस्मानाबाद दिसायचं, आणि गिऱ्हाइकं तुम्हाला विचारायची, सावकार, नेमकं कुठलं? तुम्ही म्हणायचात, दोन्हीकडचं, जिकडं पाऊस पडंल तिकडचं. पुढच्याच वर्षी पावसानं ओढ दिली. मग त्याच्या पुढच्याही वर्षी. तेव्हा तो विनोद तुम्ही बंद केलात. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात आपण दोघंच. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, आणि दुकानाच्या ओट्यावर मशीन घेऊन बसणारा तुमचा शिंपी. तुमची लुगडी, धोतरजोड्या, खण सगळं कपाटात घडीनं बसलेलं असायचं. आणि मांजरपाटाचे तागे खाली, दाराशी, कारण ते सगळ्यात जास्त खपायचं. तुम्हाला त्या कापडाचा अभिमान होता. गिऱ्हाइकाच्या हातात टोक देऊन म्हणायचात, वढून बघा, बैल बांधा ह्याला.

त्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात एक दिवस मी शाळेतून मधल्या सुट्टीतच घरी आले आणि मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले. तुम्ही जेवायला आत आलात. माझ्याकडे पाहिलंत, परकराकडे पाहिलंत, आणि परत दुकानात गेलात. मला वाटलं रागावलात. मग कापड फाडल्याचा आवाज आला. तो आवाज मी जन्मल्यापासून ऐकत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा तो माझ्यासाठी होता. तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी उंबऱ्यावर ठेवलीत आणि पाठ करून उभे राहिलात. म्हणालात, “शेजारच्या काकूला इचार, कसं बांधायचं ते. आन ऐक माय, आपल्या लिंगायतात ह्याचा इटाळ न्हाई. गळ्यातलं लिंग काढायचं न्हाई, बाहेर बसायचं न्हाई. आंघोळ कर आन रोजच्यासारखी पूजा कर.” एवढं बोलायला तुम्हाला किती जोर लावावा लागला असेल ते मला आत्ता कळतं. तेव्हा एवढंच कळलं की वर्गातल्या मैत्रिणी तीन दिवस गोठ्याशेजारी बसतात, आणि मी देवापुढे बसले आहे.

काकूंनी पुडी उघडली आणि हसल्या. “नवं कोरं? सावकाराची लेक हायेस बाई.” आख्ख्या आळीत नवं कापड वापरणारी मी एकटीच होते. बाकीच्यांना आईच्या, आजीच्या लुगड्याचे फडके. मला त्याचा गर्व वाटला, अप्पा, खरंच वाटला. तो संध्याकाळपर्यंत टिकला. नव्या मांजरपाटाला खळ असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. कडक, आणि पाणी शोषून घेत नाही. पाच-सहा वेळा भरपूर पाण्यात धुतलं की मऊ पडतं, पण त्या वर्षी भरपूर पाणी कुणी पाहिलं होतं? दोन घागरींत आपल्या दोघांचा दिवस जायचा. तांब्याभर पाण्यात धुतलेलं कापड वाळलं की पापडासारखं व्हायचं. मांड्या सोलून निघाल्या. शाळेत जाताना पाय फाकून चालायचे, आणि कुणी विचारलं तर सांगायचे, गळू झालंय.

हे तुम्हाला सांगता आलं असतं. तुम्ही दुसरं कापड दिलं असतं, तुमच्याकडे कापडाला काय तोटा होता. पण विटाळ नाही म्हणणं वेगळं आणि त्यावर बोलणं वेगळं. आपल्या घरात विटाळ नव्हता, लाज मात्र इतर घरांएवढीच होती.

मग पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. गावोगावच्या बाया माती वाहायला, खडी फोडायला येऊ लागल्या. बाजाराच्या दिवशी त्यातल्या दोघी-तिघी आपल्या ओट्याशी यायच्या आणि शिंप्याला कातरणं मागायच्या. शिंपी म्हणायचा, टेरिलिनची कातरणं हायेत, गोधडीला बी चालत न्हाईत, काय करता? त्या काही सांगायच्या नाहीत, पदरात भरून घेऊन जायच्या. तुम्ही आठ-पंधरा दिवस ते पाहिलंत. तुम्ही हुशार होतात, अप्पा. गावातल्या कुठल्या पुरुषाच्या ध्यानात आलं नसतं ते तुमच्या ध्यानात आलं, कारण तुम्ही कापडाच्या अंगानं विचार केलात. लुगडं जुनं होतं तेव्हा त्याचे फडके होतात. दुष्काळात नवं लुगडं कोण घेतं? फाटलेलं जोडून, दंड घालून घालून जुनंच अंगावर. मग फडके कुठून यायचे? हे तुम्ही शिंप्याला सांगत होतात आणि मी आतून ऐकत होते. शिंपी मशीन जोरात चालवू लागला.

त्याच दुपारी तुम्ही मला हाक मारलीत. तुम्ही तागा गुंडाळत होतात, तोंड कपाटाकडे. “माय, ते मांजरपाट... बरं पडतंय का?” मी दारात उभी होते. माझ्या मांडीला त्या वेळीही जखम होती, दाराच्या चौकटीला टेकून मी भार दुसऱ्या पायावर घेतला होता. मी म्हणाले, “हाव अप्पा. चांगलं आहे.” तुम्ही मान हलवलीत. मला एवढंच पाहिजे होतं की हे बोलणं संपावं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आख्खा तागा काढलात. गजानं मोजून, एकसारखे तुकडे, चार-चार तुकड्यांची एक घडी, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी. चाळीस पुड्या झाल्या असतील. तुम्ही गाणं गुणगुणत होतात, म्हणजे तुमच्या मनात काहीतरी चांगलं चाललं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तुम्ही मला सायकलवर पुढं बसवलंत, मागं पोतं बांधलंत आणि कामावर नेलंत. तुम्ही मुकादमापाशी लिंबाखाली थांबलात. बायांकडे मला पाठवलंत. म्हणालात, “तू जा. माझं काम न्हाई ते.”

तिथं एक निळ्या लुगड्याची बाई होती. आपल्या ओट्यावर कातरणं मागायला येणारी तीच. तिनं पुडी सोडली, कापड अंगठ्यात आणि बोटात धरून चोळलं, जसं तुम्ही गिऱ्हाइकापुढं चोळायचात. मग माझ्याकडे पाहिलं. “तू वापरतीस हे?” मी हो म्हणाले. ती म्हणाली, “खळ हाय गं यात. लई धुतल्याबिगर मऊ न्हाई व्हायचं, आन इथं प्यायला पानी न्हाई. दिवसभर पाटी वाहायची, सोलून निघंल की.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “बापाला सांग, मन लई मोठं हाय तुझं. पन घरात एखांदं जुनेर आसंल तर ते दी म्हनावं. जुनेर पायजे, नवं नगं.” बाकीच्या बायांनी पुड्या घेतल्या. नको कुणीच म्हणालं नाही. दिलेलं कापड कोण परत करतं? मी सायकलपाशी आले. तुम्ही विचारलंत, “घेतलं का?” मी म्हणाले, “घेतलं.” “काय म्हनल्या?” “तुमचं मन मोठं आहे म्हणाल्या.”

एवढंच सांगितलं. अर्धा निरोप.

पंधरा दिवसांनी तुम्ही मुकादमाला भेटायला पुन्हा तिकडं गेलात. झाडाला बांधलेल्या झोळ्यांत लेकरं होती, आणि जवळपास प्रत्येक लेकराच्या अंगात आपल्या मांजरपाटाचं झबलं. एकीनं भाकरीचं फडकं केलं होतं, एकीनं पिठाची पिशवी. तुम्ही घरी आलात, चपला काढल्यात, आणि पाणी न पिता मला विचारलंत, “तू त्यांना नीट सांगितलीस ना, कशासाठी हाय ते?” मी म्हणाले, “हाव.” मग तुम्ही पंच्यानं मान पुसत राहिलात. “मग माझीच अक्कल गेली होती,” म्हणालात. “दुसऱ्याच्या बायांच्या मधी मी कशाला गेलो? त्यांनी घ्यावं तरी कसं माझ्याकडून? करायला गेलो गणपती, झाला मारुती.” मला तुम्ही रागावला नाहीत. रागावला असता तर बरं झालं असतं, निदान रडता रडता तोंडातून खरं निघालं असतं.

त्यानंतर ती तुमची म्हणच झाली. न विचारता कुणाला काही देऊ नये. दुकानात कुणी दानधर्माचं बोललं की तुम्ही ती गोष्ट सांगायचात, बायांचा भाग गाळून, ‘एकदा मी लोकांस्नी न इचारता कापड वाटलं’ अशी, आणि स्वतःवरच हसायचात. हसणं वरवरचं होतं. देणं तुम्ही खरंच कमी केलंत. शाळेच्या गणवेशाला कापड मागायला गुरुजी आले तेव्हा तुम्ही म्हणालात, आधी पोरांना इचारा, मग माझ्याकडं या. गुरुजी चिडून गेले. गावात बोललं गेलं की सावकाराची मूठ आवळली. मी तेव्हा तिथंच दप्तर भरत होते.

आणि त्या बाईनं मागितलेलं जुनेर आपल्याच घरात होतं. आईची पेटी. नऊ लुगडी, वापरून मऊ झालेली, कापूर घालून तुम्ही ठेवलेली. पावसाळा येईपर्यंत मी कळ काढली. मग एक दिवस तुम्ही उदगीरला माल आणायला गेलात तेव्हा पेटी उघडली आणि सगळ्यात खालचं हिरवं लुगडं काढून फाडलं. काय सुख होतं ते, अप्पा. मी त्या दिवशी सरळ चालत शाळेत गेले. दिवाळीला पेटी उन्हात टाकताना तुम्ही घड्या मोजल्यात. आठच भरल्या. तुम्ही माझ्याकडे आलात आणि तुमचे डोळे भरलेले. तुम्हाला वाटलं आईची आठवण येते म्हणून मी लुगडं जवळ घेऊन झोपते. तुम्ही आणखी एक काढून माझ्या हातात दिलंत. “हे बी ठिव. तिला लई आवडायचं.” मी ते घेतलं, आणि पौष यायच्या आत तेही फाडलं. आईला चाललं असतं, असं मी मनाशी म्हणते. तुम्हाला काय वाटलं असतं, ते विचारायची हिंमत झाली नाही.

शेवटची संधी लातूरच्या दवाखान्यात होती. शेजारच्या खाटेवरच्या निलंग्याच्या म्हाताऱ्याला तुम्ही तीच गोष्ट सांगत होतात. आता मरायला टेकल्यावर तुम्हाला लाज राहिली नव्हती, त्यामुळे कशासाठी कापड होतं तेही सांगितलंत. तो म्हातारा हसून हसून खोकायला लागला. मी मोसंबी सोलत होते. माझं लग्न होऊन बारा वर्षं झाली होती, मी शाळेत मुलींना हाच विषय फळ्यावर चित्र काढून शिकवत होते. आणि तरी मी मोसंबीच सोलत राहिले. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

आता त्या दोन घड्यांचं सांगते. पाच-सहा वर्षांपूर्वी एक रोग आला, कोरोना. तुम्ही तुमच्या वडलांकडून ऐकलेल्या प्लेगच्या गोष्टी सांगायचात, गावं मोकळी करून लोक रानात झोपड्या बांधून राहिले. आमच्या वेळी उलटं झालं. सगळ्यांना घरात कोंडलं. मी तेव्हा मुखेडला राहत होते आणि शाळा बारा किलोमीटरवरच्या एका गावात. गावकऱ्यांनी वेशीवर काट्या टाकल्या, शाळा बंद झाली, आणि हैदराबादहून, पुण्याहून परत आलेल्यांना ठेवायला तिच्याच खोल्या घेतल्या. आम्हा शिक्षकांना तिथं ड्युटी लागली, म्हणून माझ्याकडे पास होता आणि मी स्कूटीवरून जाऊ-येऊ शकत होते.

आता मुली मांजरपाट वापरत नाहीत, फडकेही फारसे नाहीत. पॅड म्हणून तयार घड्या पाकिटात मिळतात, वापरून टाकून द्यायच्या. माझ्या शाळेतल्या मुलींना त्या शाळेतूनच मिळायच्या. शाळा बंद म्हणजे तेही बंद, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही. सुरुवातीला तर ही वस्तू गरजेची की बिनगरजेची यावरच घोळ चालला होता. माझ्या कपाटात दोन खोकी होती. ती मी आशाताईच्या, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेच्या हाती घरोघर पाठवली, महिन्यात संपली. गावात औषधाचं दुकान नाही. मुखेडला आहे, पण सकाळचे दोन-तीन तास उघडं, तिथंही माल येईल तेव्हा येईल. आणि घरातून एकानंच बाहेर पडायचं. तो एक कोण? ज्याच्याकडे मोटरसायकल तो. बाप नाहीतर भाऊ. तो चुन्याच्या वर्तुळात उभा राहून तंबाखू, बीपीच्या गोळ्या, सगळं आणायचा. हे सोडून. त्याला कुणी सांगितलेलंच नसायचं.

मला तुमची फार आठवण झाली तेव्हा. मनात म्हणाले, अप्पांची चूक मी करायची नाही. मी माझ्या जुन्या सुती साड्या काढल्या, दोनदा उकळून घेतल्या आणि मशीनवर बसले. तुमचे जावई घरात रिकामे होते, ते सुईत दोरा ओवून द्यायचे आणि कशासाठी ते न विचारता वर्तमानपत्र वाचायचे. मऊ कापडाचे चार पदर, कडेनं दुहेरी टीप. नववीच्या अकरा मुलींना चार-चार घड्या दिल्या. पुढच्या महिन्यात एकेकीला बाजूला घेऊन विचारलं, बरं पडतंय ना गं? सगळ्या म्हणाल्या, हो मॅडम, चांगलं आहे. मी खूश. खरं सांगायचं तर माझी कॉलर ताठ झाली होती. चांगलं आहे या शब्दांत काय काय लपवता येतं हे जगात कुणाला माहीत असेल तर मला, आणि मीच ते ऐकून घरी आले.

दोन आठवड्यांनी त्यातलीच एक मुलगी शाळेच्या फाटकाशी आली. तिच्याकडे फोन नव्हता, ती अभ्यासाच्या वह्या आणून द्यायची. वह्यांच्या खाली वर्तमानपत्राची पुडी. “मॅडम, हे घ्या परत. दोन जुने झाले, दोन धुऊन आनले. दुसऱ्या कुनाला द्या.” मला राग आला, अप्पा. मी म्हणाले, “का गं? माझ्या स्वतःच्या साड्या आहेत त्या. मऊ नाहीत का?” ती खाली बघत म्हणाली, “मऊ हायेत मॅडम. कापड लई चांगलं हाय. पन वाळू कुठं घालू? एकच खोली हाय. बाबा हैदराबादहून आल्यापासून दिसभर वट्ट्यावरच बसून राहिलेत. चुलता हाय, दोन भाऊ हायेत, कुनीच कुठं जाईना. पलंगाखाली वाळू घालते, वाळतच न्हाई. वलंच बांधते. चट्टे उठलेत, खाज सुटलीय. मला चालता येईना मॅडम.” ती पाय फाकून उभी होती. ते मी आल्याआल्याच पाहायला हवं होतं, ते उभं राहणं माझ्या ओळखीचं होतं.

तुम्ही पाणी विसरलात, मी ऊन विसरले. आपण दोघांनी कापडाचाच विचार केला.

त्याच दिवशी आशाताईकडून तिला मलम दिलं आणि मी तिच्या घरी गेले. बाप ओट्यावरच होता. बांधकामावर सेंट्रिंगचं काम करणारा, उन्हानं काळा पडलेला, हात रिकामे म्हणून अवघडलेला माणूस. मी तोंडाला मास्क लावून लांब उभी राहिले आणि म्हणाले, “मुलीच्या अंगावर चट्टे उठलेत. तिला पॅड लागतात. तुम्ही मुखेडला जाता तेव्हा मेडिकलमधून आणा.” त्यानं मान खाली घातली. “ते तिची माय बघते, मॅडम.” “तिची आई जाते का मुखेडला?” “न्हाई.” “मग?” तो बराच वेळ ओट्याचा पोपडा नखानं उकरत होता. शेवटी म्हणाला, “चिठ्ठी लिहून द्या. मला त्या दुकानात बोलता येनार न्हाई.” मी चिठ्ठी लिहून दिली. मग बाकीच्या दहा घरीही गेले आणि तेच केलं. कुठं चहा मिळाला, कुठं दार लोटलं गेलं. एका घरी आजोबा म्हणाले, शाळा बंद हाय तर मास्तरणी घरात घुसायल्या. माझं वय आणि पांढरे केस कामी आले.

पुढच्या महिन्यात वह्या घ्यायला पुन्हा त्या मुलीच्या दारात उभी होते. ती आत सुपात ज्वारी पाखडत होती. बाप मोटरसायकल पुसत होता, निघायच्या तयारीत. त्यानं आमच्या दोघींकडे पाठ केलेली. गाडीच्या टाकीकडे बघत त्यानं आवाज दिला, “मागल्या डावाला आनलं ते... बरं हाय का?”

अप्पा, माझ्या हातातल्या वह्या तशाच राहिल्या. तीच पाठ, तोच अडखळलेला आवाज. मी डोळे मिटून घेतले, कारण आता ती काय म्हणणार ते मला तोंडपाठ होतं.

सूप थांबलं. मग ती म्हणाली, “न्हाई बाबा. ते टोचतंय. वरून पिलास्टिक हाय त्याला. ते नका आनू, दुसरं मऊ येतंय ते आना.”

“आसं व्हय,” तो म्हणाला. “कोनतं ते मॅडमकडून लिहून घी.” आणि कपडा झटकून हँडलला बांधला. सूप पुन्हा सुरू झालं. झालं एवढंच. कुणाचं नाक कापलं गेलं नाही, बाप जमिनीत गेला नाही. मी चिठ्ठी लिहिली, त्यानं ती खिशात घातली आणि गाडीला किक मारली. माझं अक्षर फळ्यावरचं, सगळ्या तालुक्यात वळणदार म्हणून माहीत. त्या चिठ्ठीवर ते वेडंवाकडं आलं.

त्या दिवशी मुखेडला परत येताना रस्ता रिकामा होता. वाटेत स्कूटी थांबवून बाभळीखाली मी पोटभर रडले. मला तेव्हा तीन शब्द जमले नाहीत म्हणून रडले. तुम्ही आयुष्यभर स्वतःला बोल लावलात, हात आखडता घेतलात, लोकांचं ऐकून घेतलंत, ते आठवून रडले. नंतर बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि मास्क लावला. तेव्हाच ठरवलं होतं की तुम्हाला लिहायचं. घड्या कपाटात तळाशी ठेवल्या आणि पाच-सहा वर्षं गेली. सांगायला उशीर करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? त्या दोन घड्यांच्या मध्ये ठेवून, त्याच वर्तमानपत्रात बांधून घरी नेणार आहे. त्या निळ्या लुगड्याच्या बाईनं जुनेर मागितलं होतं, हे वर लिहिलं. ते तुम्हाला आज पहिल्यांदा कळलं. तुमच्याकडून घ्यायला त्यांची काही हरकत नव्हती. आणि ती तुमची म्हण, न विचारता देऊ नये, ती चुकीची आहे. तुम्ही न विचारता दिलं नव्हतं, अप्पा. तुम्ही विचारलं होतं. मला विचारलं होतं, आणि मी चांगलं आहे म्हणाले.

ते टोचत होतं.